प्रकाशाची चढाओढ आणि रस्त्यावरचा अंधार

ऊस गाळपाचा हंगाम आणि हिवाळ्यातील धुके ही दोन्ही सातारा-सांगली जिल्ह्यांत जवळजवळ एकाच वेळी अवतरतात. कारखान्यांची धुराडी पेटतात, रस्त्यांवर उसाच्या वाहनांची रीघ लागते आणि पहाटेच्या वेळी कृष्णा-वारणाकाठच्या गावांवर धुक्याची चादर पसरते. याच दिवसांत मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानांत जादा दिव्यांची मागणी वाढू लागते. जीप, पिकअप, मोटारसायकल आणि ट्रक अशा सर्वच वाहनांवर कारखान्याने बसविलेल्या दिव्यांखेरीज आणखी दोन, चार, कधी आठ दिवे चढविले जातात. रात्री प्रवास करणाऱ्या नागरिकास आता काळोखाइतकेच समोरून येणाऱ्या प्रकाशाचेही भय वाटावे, अशी परिस्थिती निर्माण झाली आहे.

जादा दिवे लावणारा प्रत्येक माणूस उद्दाम असतो असे मानणे अन्यायाचे ठरेल. वाईहून पसरणी घाट चढून पाचगणीस जाणाऱ्या, मेढ्याहून केळघर घाटाने महाबळेश्वर गाठणाऱ्या किंवा कराडहून पाटणमार्गे कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला माल पोचविणाऱ्या चालकाची अडचण खरी आहे. रस्त्याची कड, कठडा आणि दरी यांतील अंतर त्याला हातभर पुढचेही दिसत नाही, आणि ती चूक एकदाच करता येते. तेव्हा प्रश्न दिवे असावेत की नसावेत हा नाही. कोणता दिवा कोणत्या कामाचा, तो कसा बसवावा, त्याचा लाभ कोणास होतो आणि त्याची किंमत कोण मोजतो, हे खरे प्रश्न आहेत.

दोन जिल्ह्यांचे दोन प्रकारचे धुके

साताऱ्याच्या पश्चिम भागातील धुके आणि सांगलीच्या मैदानातील धुके ही वेगळी प्रकरणे आहेत. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतेराशे मीटर उंचीवर असून तेथे वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथील पावसाळी धुके म्हणजे वस्तुतः डोंगरावर टेकलेला ढगच होय. तो दिवसचे दिवस हटत नाही आणि त्याच्या जोडीस पाऊस व वळणे असतात. सांगली, मिरज, वाळवा, पलूस या भागांतील धुके हिवाळ्याच्या स्वच्छ व निर्वात रात्री जन्मते. बागायती जमिनीतील ओलावा थंड हवेत संघनित होऊन भूपृष्ठालगत थर धरतो आणि ऊन चढले की विरून जातो. त्यात तोडणीनंतर पेटविलेल्या पाचटाचा धूर मिसळला, म्हणजे सरळ, सपाट आणि परिचित रस्ताही क्षणार्धात दिसेनासा होतो. घाटातील चालक निदान सावध तरी असतो. मैदानातला चालक वेगात असताना अकस्मात धुक्यात शिरतो, म्हणून तेथील धोका अधिक फसवा आहे.

दिव्यांचेही असेच दोन प्रकार आहेत, आणि बाजारात त्यांची सर्रास गल्लत होते. दूरवर प्रकाश फेकणाऱ्या जादा दिव्याचा झोत अरुंद व लांब पल्ल्याचा असतो. मोकळ्या, निर्मनुष्य रस्त्यावर तो हेडलाइटच्या अप्परला पूरक ठरतो. धुक्याच्या दिव्याचा झोत याच्या नेमका उलट, म्हणजे रुंद, आखूड आणि वरच्या बाजूने सुरीने कापल्यासारखा सपाट असतो. धुके म्हणजे हवेत तरंगणारे पाण्याचे असंख्य थेंब. डोळ्यांच्या पातळीवर प्रकाश फेकला तर हे थेंब तो चालकाच्याच डोळ्यांत परत पाठवितात आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. म्हणूनच धुक्यात अप्पर लावला की दिसणे वाढण्याऐवजी कमी होते. धुक्याचा दिवा खाली बसवून त्याचा झोत रस्त्यालगत ठेवला, तर चालकाची नजर आणि प्रकाशाचा मार्ग यांत अंतर पडते व रस्त्याची कड आणि पांढरा पट्टा तेवढा उजळतो. संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक नियमावलीत मोटारीचा पुढचा धुक्याचा दिवा जमिनीपासून २५० ते ८०० मिलिमीटर या मर्यादेत असावा असे सांगितले आहे, ते याच कारणासाठी. तोच दिवा टपावर बसविला की त्याचे सारे शास्त्र निकालात निघते. आपल्याकडे तो टपावर, क्रॅश गार्डवर आणि मोटारसायकलच्या हँडलवरही दिसतो.

पिवळ्या रंगाविषयीचा समजही तपासून पाहण्यासारखा आहे. पिवळा प्रकाश धुके भेदून जातो असे दुकानदार सांगतो आणि गिऱ्हाईक ते मान्य करते. परंतु धुक्याचे थेंब प्रकाशलहरींच्या मानाने इतके मोठे असतात की, ते सर्व रंगांस जवळजवळ सारखेच विखुरतात. फ्रान्समध्ये १९३० च्या दशकापासून १९९३ पर्यंत मोटारींना पिवळे हेडलाइट सक्तीचे होते. पुढे युरोपातील नियमांशी जुळवून घेताना ती सक्ती सुटली. पिवळ्या प्रकाशात निळा अंश नसल्यामुळे तो डोळ्यांस कमी बोचतो, एवढे श्रेय त्याला देता येईल. दिव्याची उपयुक्तता ठरविणाऱ्या गोष्टी म्हणजे झोताचा आकार आणि दिव्याची उंची. रंगाचा क्रमांक त्यानंतरचा आहे.

तारेतील काटकसर

दिव्यावर हजारो रुपये खर्च करणारा गृहस्थ तारेवर पन्नास रुपये वाचवितो, हा अनुभव कोणताही वायरमन सांगेल. या काटकसरीचे गणित सोपे आहे. ५५ वॅटचे दोन हॅलोजन दिवे बारा व्होल्टवर सुमारे नऊ अँपिअर विद्युत्प्रवाह घेतात. अर्धा चौरस मिलिमीटर जाडीच्या चार मीटर तांब्याच्या तारेतून हा प्रवाह नेला, तर वाटेतच सुमारे सव्वा व्होल्ट खर्ची पडतात. अडीच चौरस मिलिमीटरच्या तारेत हीच गळती पाव व्होल्टवर येते. तंतूच्या दिव्याचा प्रकाश व्होल्टेजच्या प्रमाणात घटत नाही, त्याहून पुष्कळ वेगाने घटतो. व्होल्टेज एक दशांशाने उतरले की प्रकाश जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी होतो. म्हणजे बारीक तार वापरणारा माणूस विकत घेतलेल्या प्रकाशाचा तिसरा हिस्सा तारेतच उष्णतेच्या रूपाने जाळतो. पुढे त्याला दिवा मंद वाटतो आणि तो अधिक वॅटचा बल्ब घालतो. तार आणखी तापते, आवरण वितळते आणि प्रसंगी गाडी पेट घेते.

योग्य पद्धत गुंतागुंतीची नाही. दिव्याचा प्रवाह बॅटरीपासून थेट, जाड तारेने आणि रिलेमधून न्यावा. चालकासमोरच्या स्विचमधून केवळ रिलेला जागे करण्यापुरता क्षीण प्रवाह जावा. बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ, या भारास साधारणतः पंधरा अँपिअरचा, फ्यूज असावा, म्हणजे तार कोठे घासून उघडी पडली तरी आगीऐवजी फ्यूज जाईल. अर्थिंगची तार रंग खरवडलेल्या स्वच्छ धातूवर घट्ट बसवावी, कारण मंद दिव्यांच्या निम्म्या तक्रारी गंजलेल्या अर्थिंगपाशी येऊन थांबतात. सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की, दूरवरच्या जादा दिव्याच्या रिलेला संकेत हेडलाइटच्या अप्परच्या तारेतून द्यावा. असे केल्यास चालकाने समोरचे वाहन पाहून डिपर दिला की जादा दिवेही आपोआप विझतात. त्यांना स्वतंत्र स्विच दिला तर ते विझविणे चालकाच्या सौजन्यावर अवलंबून राहते, आणि रात्रीच्या रस्त्यावर सौजन्याचा पुरवठा नेहमीच तुटपुंजा असतो. एका तारेची जागा बदलून जे साधते, ते शंभर सुविचारांच्या फलकांनी साधत नाही.

येथे एका व्यापक गैरसमजाचाही परामर्श घेतला पाहिजे. उत्तम दिवा लावला म्हणजे धुक्यात नेहमीच्या वेगाने जाता येईल, असे अनेकांना वाटते. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला ११ मीटर अंतर कापते. अडथळा दिसून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दोन सेकंद गेले तर बावीस मीटर, आणि कोरड्या रस्त्यावर प्रत्यक्ष थांबण्यास आणखी सुमारे दहा मीटर, असे एकूण बत्तीस मीटर लागतात. ताशी ६० च्या वेगास हेच अंतर छप्पन्न मीटरच्या आसपास, तर ताशी ८० ला पंच्याऐंशी मीटरच्या आसपास जाते. दाट धुक्यात तीस मीटरपलीकडचे दिसत नसेल, तर चाळीसचा वेगही अधिक ठरतो. ओल्या रस्त्यावर तर हिशेब याहून कठोर आहे. दिवा अधिक चांगले दाखवू शकेल, परंतु गाडी लवकर थांबविणार नाही.

एकाचा लाभ, दुसऱ्याचा भुर्दंड

आता या प्रश्नाच्या आर्थिक बाजूकडे वळणे प्राप्त आहे. बाजारात होणाऱ्या व्यवहाराची किंमत साधारणतः विकत घेणारा देतो. जादा दिव्यांचा व्यवहार तसा नाही. दिव्याचे पैसे गाडीमालक देतो, परंतु त्याच्या झगमगाटाची किंमत समोरून येणारा मोजतो. ताशी ६० च्या वेगाने येणाऱ्या मोटारसायकलस्वाराचे डोळे तीन सेकंद दिपले, तर तो पन्नास मीटर अंतर आंधळेपणाने कापतो. साठी गाठलेल्या माणसाच्या डोळ्यांत, विशीतील तरुणाच्या तुलनेने, सुमारे एक तृतीयांश प्रकाशच आतील पडद्यापर्यंत पोचतो. दिपल्यानंतर दृष्टी पूर्ववत होण्यासही वयपरत्वे अधिक वेळ लागतो. रात्री शेतावर पाणी धरून सायकलने परतणारा वृद्ध शेतकरी हा त्या दिव्याच्या खरेदीत कोठेही सहभागी नसतो. तरीही तिचा भुर्दंड त्याच्यावर पडतो. अर्थशास्त्रात यास बाह्य परिव्यय म्हणतात. ज्याची किंमत दुसऱ्याने मोजायची, ती वस्तू माणूस गरजेपेक्षा अधिक वापरतो, हा त्यातील सिद्धान्त येथे तंतोतंत लागू पडतो.

यातून चढाओढ जन्मते. तमाशाच्या फडात पुढच्या रांगेतला एक माणूस उभा राहिला की मागच्यालाही उभे राहावे लागते, आणि थोड्या वेळाने सारा फड उभा असतो. कोणासच अधिक दिसत नाही, पाय मात्र सर्वांचे दुखतात. दिव्यांचे तसेच आहे. समोरच्याच्या झोताने दिपलेला चालक दुसऱ्या दिवशी स्वतःच्या गाडीस अधिक प्रखर दिवे बसवितो, आणि त्याच्यामुळे तिसरा. प्रत्येकाचा निर्णय स्वतःपुरता शहाणपणाचा असतो आणि सर्वांचा मिळून परिणाम मूर्खपणाचा होतो. हॅलोजनसाठी बनविलेल्या परावर्तकात स्वस्त एलईडी बल्ब खोचण्याच्या प्रघाताने या चढाओढीस नवा वेग दिला आहे. मूळ बल्बमधील तंतूची जागा आणि या नव्या बल्बमधील प्रकाशबिंदूंची जागा नेमकी जुळली नाही, की झोताची सपाट रेषा विस्कटते. मग दिवा डिपरवर असूनही समोरच्याच्या डोळ्यांत जातो आणि चालकास त्याचा पत्ताही नसतो.

अशा ठिकाणी कायद्याचे प्रयोजन असते, आणि कायदा आहेही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०६ नुसार पुढचा दिवा असा असावा की त्याचा झोत कायमचा खाली वळलेला असेल किंवा चालकास तो खाली वळविता येईल. आठ मीटर अंतरावर, दीड मीटर उंचीवरील डोळे दिपू नयेत, ही त्यामागील कसोटी आहे. नियम १११ ने स्पॉटलाइट व सर्चलाइट यांस नोंदणी अधिकाऱ्याच्या पूर्वसंमतीविना मनाई केली आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेल्या कलम १८२-अ अन्वये वाहनात अनधिकृत फेरबदल करणाऱ्या मालकास प्रत्येक फेरबदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. कायद्याची भाषा कठोर आहे. परंतु तो अमलात आणावयाचा तो रात्री, धुक्यात आणि आडरस्त्यावर. दिवसा चौकात उभा असलेला शिपाई हेल्मेट पाहू शकतो, सीटबेल्ट पाहू शकतो, पण विझलेल्या दिव्याचा झोत कोठे पडतो हे त्याला दिसत नाही. शिक्षा जबर आणि पकडले जाण्याची शक्यता नगण्य असली, की कायद्याचा धाक कागदावरच राहतो.

दिसणे आणि दिसून येणे

या सर्व ऊहापोहात एक मूलभूत भेद नजरेआड होतो. रात्रीच्या रस्त्यावर दोन गरजा असतात. स्वतःला दिसावे ही पहिली, आणि दुसऱ्याला आपण दिसावे ही दुसरी. पहिल्या गरजेसाठी लोक स्वखुशीने पैसा ओततात, कारण तिचा लाभ डोळ्यांसमोर असतो. दुसरी गरज उपेक्षित राहते, कारण मागचा दिवा चालकाला स्वतःला कधी दिसतच नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात ४,६१,३१२ अपघात होऊन १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, आणि अपघातांच्या प्रकारांत सर्वांत मोठा वाटा मागून धडक बसण्याचा होता. पाचांपैकी एकाहून अधिक अपघात या प्रकारचे होते. या सर्वांस मागील दिव्यांचा अभाव कारणीभूत होता असे म्हणता येणार नाही. तथापि संकट केवळ समोरच नसते, याची जाणीव या आकड्याने व्हावयास हरकत नाही.

सांगली-साताऱ्यात या उपेक्षेचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे उसाची वाहतूक. पेठनाका-आष्टा-सांगली रस्ता असो, कराड-तासगाव रस्ता असो वा खेड्यापाड्यांतून कारखान्यांकडे जाणाऱ्या वाटा असोत, हंगामात रात्रभर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि टायर बैलगाड्या चालू असतात. ट्रॅक्टरच्या टपावर झगझगीत दिव्यांची माळ आणि कर्ण्यावर गाणी असतात. मागच्या ट्रॉलीस मात्र दिवा नसतो, असलाच तर जळत नाही, आणि जळत असला तरी बाहेर लोंबणाऱ्या वाढ्याआड झाकला जातो. बैलगाडीची गोष्ट त्याहून दुःखद आहे. ती मोटार वाहनाच्या व्याख्येत बसत नाही, म्हणून तिला नोंदणी नाही आणि तपासणीही नाही. पूर्वी गाडीच्या आसाखाली कंदील टांगण्याची चाल होती. रॉकेलबरोबर तीही गेली. गाडीवर बसलेला असतो तो मराठवाड्यातून किंवा दुष्काळी तालुक्यांतून आलेला ऊसतोड कामगार. त्याचे बैल, त्याची गाडी आणि बहुधा त्याचे कुटुंब त्याच अंधारात असते. मागून येणाऱ्या मोटारीचे दिवे कितीही उत्तम असले, तरी समोरून येणाऱ्या दुसऱ्या मोटारीच्या झगमगाटात ही गाडी दिसतच नाही. श्रीमंताच्या प्रकाशाने गरिबाचा अंधार अधिक गडद होतो, तो असा.

हंगामाच्या प्रारंभी पोलीस, परिवहन खाते व कारखाने यांच्यातर्फे परावर्तक पट्ट्या बसविण्याच्या मोहिमा होतात, छायाचित्रे प्रसिद्ध होतात, ही गोष्ट स्वागतार्हच आहे. परंतु पट्टी ट्रॉलीच्या फळीवर चिकटवून भागत नाही. मोळ्या रचल्यावर ती झाकली जाते, चिखलाने माखते आणि महिन्याभरात निकामी होते. गरज आहे ती ऊस भरून झाल्यावर मोळ्यांच्या मागे बांधता येईल अशा परावर्तक कापडाची आणि ते रोज बांधले जाते की नाही हे पाहण्याची.

ही तपासणी रस्त्यावर अशक्य असली तरी एके ठिकाणी ती अगदी सुकर आहे. ते ठिकाण म्हणजे कारखान्याचा वजनकाटा. उसाचे प्रत्येक वाहन, मग तो ट्रक असो वा बैलगाडी, भरलेले असताना एकदा आणि रिकामे झाल्यावर पुन्हा एकदा काट्यावर येतेच. तेथे त्याचा क्रमांक नोंदला जातो व वाहतुकीचे बिल निघते. मागे कापड बांधलेले नाही त्या वाहनाची त्या खेपेची नोंद ताटकळत ठेवावयाची, एवढा एक ठराव संचालक मंडळाने केला, तर दंडाच्या पावतीवाचूनही शिस्त लागेल. खर्चाचा बाऊ करण्याचेही कारण नाही. समजा, एका ट्रॅक्टरने दिवसाला पंधरा टन याप्रमाणे शंभर दिवसांत पंधराशे टन ऊस वाहिला आणि त्याच्या कापडास व मागील दिव्यास पंधराशे रुपये लागले, तर हा भार टनामागे एक रुपया पडतो. बैलगाडीला दिवा वा त्याची तार नकोच, कापड पुरे. तिचा टनामागील भार याहून फारसा वेगळा ठरणार नाही. २०२५-२६ च्या हंगामासाठी उसाचा रास्त व किफायतशीर दर केंद्राने टनास ३,५५० रुपये ठरविला आहे. त्यातून तोडणी आणि वाहतूक खर्च वजा होतोच. त्यात एका रुपयाची भर कोणास जड जाणार आहे?

सहकाराच्या चळवळीने या दोन जिल्ह्यांत धरणांचे पाणी शिवारात आणले, शाळा-महाविद्यालये उभारली, रस्ते बांधले. त्याच रस्त्यावरून आपला ऊस वाहून आणणाऱ्या माणसाला मागून कोणी चिरडणार नाही, एवढी हमी देणे हे त्या मानाने लहान काम आहे. मोटारमालकांकडूनही फार मोठ्या त्यागाची अपेक्षा नाही. नवे दिवे घेण्यापूर्वी आहेत त्या हेडलाइटची पिवळी पडलेली काच स्वच्छ करावी, अर्थिंग तपासावे आणि भिंतीसमोर गाडी उभी करून झोत लावून घ्यावा. डिपरचा झोत दहा मीटरवरील भिंतीवर दिव्याच्या उंचीपेक्षा साधारण दहा सेंटिमीटर खाली पडला पाहिजे. मागे माल लादला की गाडीचे नाक वर होते आणि झोतही वर जातो, हेही ध्यानात घ्यावे. एवढे केल्यावर पुष्कळांस नव्या दिव्यांची गरजच उरणार नाही. ज्यांना घाटासाठी खरोखर लागतील, त्यांनी ते खाली, योग्य तारेवर आणि डिपरसरशी विझतील असे बसवावेत. वाहन तपासणी केंद्रांनीही रंगरंगोटी व कागदपत्रांपेक्षा झोताची रेषा आणि मागचा दिवा यांकडे अधिक लक्ष पुरवावे.

आपल्या गाडीच्या मागचा दिवा आपल्याला कधीच दिसत नाही. तो इतरांसाठी असतो, आणि पुढे जाणाऱ्या सर्वांच्या मागच्या दिव्यांवर आपला जीव असतो. ही देवाणघेवाण बाजार आपण होऊन घडवून आणत नाही. ती नियमाने आणि सहकाराने घडवावी लागते. येत्या हंगामाची पहिली मोळी गव्हाणीत पडण्यापूर्वी निदान काही कारखान्यांनी काट्यावरील तो ठराव केला, तर पुढच्या धुक्यात काही संसार वाचतील.